मुलीच्या बाळंतपणाला आलेल्या आईने एक दिवस डोंगर पाहायला जावे का?

पत्र: आम्ही दोघे साताऱ्याचे. मी निवृत्त शिक्षिका, वय ६६. यजमान ७१ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. तरीही रोज सकाळी ते अजिंक्यतारा चढून येत असत. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही जूनमध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला आलो. नात आता दोन महिन्यांची होईल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमचे परतीचे विमान आहे. त्याआधी आम्हाला रॉकी माउंटन नॅशनल पार्कची एक दिवसाची खासगी सहल, गाडी आणि गाइडसह, फक्त आम्हा दोघांसाठी ठरवून द्यावी, असा मुलगी आणि जावई यांचा आग्रह आहे. खर्चाचा आकडा ऐकून यजमान गप्पच झाले. बाळंतिणीला सोडून दिवसभर भटकणे मला प्रशस्त वाटत नाही. यजमानांच्या प्रकृतीमुळे उंचीची धास्ती वाटते आणि गाइडचे इंग्रजी उच्चार समजतील का, हीही शंका आहे. आम्ही जावे का? आणि गेलो, तर काय काय विचारून घ्यावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण जावे, असे माझे मत आहे. मात्र दोन गोष्टी आधी पक्क्या व्हायला हव्यात. यजमानांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी होकार दिला पाहिजे, आणि त्या दिवसाचा कार्यक्रम सहलवाल्यांच्या छापील पत्रकानुसार न आखता आपल्या दोघांच्या प्रकृतीनुसार आखला गेला पाहिजे. खासगी सहलीला जास्त पैसे मोजायचे ते नेमके यासाठीच. गाडीत परकी माणसे नसतात, हा त्यातला लहानसा फायदा झाला. वाटेत कोठेही थांबता येते, कोठूनही मागे फिरता येते आणि त्याबद्दल कोणाची नाराजी ओढवत नाही, हा खरा फायदा आहे.

बाळंतिणीचा प्रश्न आपल्या मनात सर्वांत वर असणार, म्हणून तो आधी घेते. सव्वा महिना केव्हाच उलटला आहे. सकाळी साडेसहाला निघून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत परत यायचे म्हटले, तर त्या दिवशी बाळाची एक अंघोळ, एक मालीश आणि घरातला एक स्वयंपाक आपल्यावाचून व्हायचा आहे. जावयांनी रजा घेतली की हे जमेल. आणि ऑक्टोबरनंतर त्यांना ते रोजच जमवायचे असल्यामुळे आपण गावात असतानाच त्याची रंगीत तालीम झालेली बरी. सहलीचा आग्रह मुलीचा आहे, हेही लक्षात घ्यावे. तीन महिने आई-वडील आपल्या घराच्या चार भिंतींत राबले आणि काही न पाहताच परत गेले, ही रुखरुख परदेशातल्या मुलींना पुढे फार दिवस पुरते. बाळाला बरोबर नेऊन सर्वांनीच जावे, असा विचार कोणी मांडला तर मात्र मी नको म्हणेन. एवढ्या लहान जिवाला बारा हजार फुटांवर नेण्याचा निर्णय बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि कडेवर बाळ असताना आपल्यालाही स्वस्थपणे काही पाहता येणार नाही.

आता खर्चाविषयी. ताडोब्यात जिप्सी आणि गाइड घेतल्याशिवाय पर्यटकाला आत जाता येत नाही, त्यामुळे इथेही तसाच नियम असेल असे आपल्याकडच्या पुष्कळांना वाटते. रॉकी माउंटनमध्ये अशी सक्ती नाही. प्रवेशशुल्क भरून कोणीही स्वतःची गाडी आत नेऊ शकतो, रस्ता उत्तम डांबरी आहे आणि पाहण्याची ठिकाणे पाट्या लावून दाखवलेली आहेत. जावयांना एक रविवार मोकळा असता आणि घरात तान्हे बाळ नसते, तर मी गाइड घेऊ नका असेच सांगितले असते. डेन्व्हरहून दहा-बारा जणांना घेऊन निघणाऱ्या सामाईक गाड्याही असतात. त्या माणशी दराने स्वस्त पडतात. पण तिथे थांबे आणि वेळा ठरलेल्या असतात, आणि वर पोचल्यावर यजमानांना गरगरू लागले तर उरलेल्या दहा जणांची सहल मोडून गाडी खाली वळवा म्हणणे आपल्याच्याने होणार नाही. आपल्या स्वभावाची माणसे अशा वेळी दुखणे अंगावर काढतात. म्हणून आपल्या बाबतीत काहीशे डॉलर जास्त गेले तरी खासगी गाडी योग्य ठरते. डॉलरला रुपयांनी गुणण्याची सवय सुटत नाही हे मला ठाऊक आहे. पण हा गुणाकार यजमानांनी एकदाच करावा आणि मग वही मिटून ठेवावी.

उंचीचा विषय सविस्तर लिहिला पाहिजे, कारण अजिंक्यताऱ्याच्या सवयीवर यजमान विसंबतील अशी मला भीती वाटते. आपण आत्ता राहता ते डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर वसलेले आहे. तिथून उद्यानाच्या पायथ्याचे एस्टेस पार्क हे गाव सुमारे साडेसात हजार फुटांवर आहे. उद्यानातून जाणारा ट्रेल रिज रोड हा रस्ता आपल्या सर्वोच्च बिंदूवर १२,१८३ फुटांना पोचतो, आणि बहुतेक सहली जिथे थांबतात ते आल्पाइन व्हिजिटर सेंटर ११,७९६ फुटांवर आहे. केदारनाथचे मंदिर साधारण याच उंचीवर आहे. फरक एवढाच की केदारनाथला माणूस हळूहळू, मुक्काम करत पोचतो. इथे मोटारीत बसून सकाळच्या काही तासांत सात हजार फूट चढून जातो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने एक-तृतीयांशाहून थोडा अधिकच कमी असतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. फुप्फुसे आणि हृदय ती तूट वेग वाढवून भरून काढू पाहतात. निरोगी माणसालाही तिथे चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते, डोके जड होते, क्वचित मळमळते.

यात आपल्या बाजूच्या गोष्टीही आहेत, त्या घाबरवण्याच्या भरात विसरता कामा नयेत. आपण दोघे तीन महिन्यांपासून पाच हजार फुटांवर राहत असल्यामुळे शरीराला विरळ हवेची काही अंशी सवय झालेली आहे. साताऱ्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी निघाला असता, तर मी हे पत्र वेगळे लिहिले असते. शिवाय उंचीचा खरा आजार बहुधा वर पोचल्यानंतर काही तासांनी, विशेषतः तिथे रात्र काढल्यावर डोके वर काढतो. दोन-अडीच तास वर राहून खाली उतरणाऱ्याला त्याचा धोका कमी असतो. मात्र हृदयावर पडणारा ताण तत्काळ असतो, तो खाली उतरण्याची वाट पाहत नाही. म्हणून वर असताना हळू चालणे, बोलता बोलता न चढणे, आणि धाप लागल्यास उभे न राहता बसून घेणे, हे नियम यजमानांनी पाळले पाहिजेत. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात विसंगती येणे यांपैकी काहीही जाणवले, तर थोडे थांबून पाहू असे न म्हणता गाडी त्याच क्षणी खाली वळवायची आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागायची, हे गाइडशी सकाळीच बोलून ठेवावे.

साताऱ्यातल्या किंवा पुण्यातल्या ज्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला, त्यांच्याशी याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बोलावे. जाऊ का, एवढेच विचारले तर उत्तरही मोघमच मिळते. मोटारीने बारा हजार फुटांपर्यंत जाणार आहोत, वर सुमारे दोन तास असू, चालणे सपाटीवर पाव-अर्धा तास होईल, शेवटची तपासणी अमुक तारखेला झाली आहे आणि सध्याच्या गोळ्या या आहेत, असे नेमके सांगावे. स्टेंट बसवून बराच काळ लोटलेल्या, रोजचा व्यायाम तक्रारीविना झेपणाऱ्या अनेक रुग्णांना डॉक्टर अशी सहल करू देतात. परंतु ती परवानगी मी किंवा गाइडने देण्याची नाही. शेजाऱ्यांनी केदारनाथला नेली होती म्हणून उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण तिचा रक्तदाबाच्या गोळ्यांशी मेळ बसतो की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्याच वेळी प्रवास-विम्याची कागदपत्रे मुलीकडून वाचून घ्यावीत. आधीपासून असलेल्या आजारांना अशा विम्यांत बहुधा वगळलेले असते किंवा मोजकेच संरक्षण असते, आणि अमेरिकेत रुग्णवाहिकेचे बिलही धडकी भरवणारे असते. डॉक्टरांनी नकार दिला तर सहल रद्द करायची गरज नाही. साडेआठ हजार फुटांच्या आसपास राहूनही दिवस सुंदर जातो, त्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

दिवस कसा आखावा, हे मी आपल्या जागी असते तर असे ठरवले असते. सकाळी साडेसहाला डेन्व्हरहून निघून लायन्समार्गे एस्टेस पार्कला दीड-पावणेदोन तासांत पोचावे. तिथे निदान अर्धा-पाऊण तास काढावा, चहा घ्यावा, पाय मोकळे करावेत. मग फॉल रिव्हरच्या प्रवेशद्वाराने आत शिरून आधी वर जावे. पुष्कळ सहली सकाळी तळ्यांवर रमतात आणि दुपारी माथ्यावर पोचतात. तो क्रम उलटा करून मागावा. या डोंगरांवर, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, दुपारनंतर ढग जमून विजा पडतात. झाडे जिथे संपतात ती वृक्षरेषा साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि तिच्या वर अकरा मैल रस्ता संपूर्ण उघड्या माळावरून जातो. तिथे माणूस हीच सर्वांत उंच वस्तू ठरते. दुपारचे बारा वाजायच्या आत माथा सोडावा हा तिथल्या जाणत्यांचा नियम आहे.

वर जाताना मेनी पार्क्स कर्व्ह, मग रेनबो कर्व्ह आणि पुढे फॉरेस्ट कॅन्यन ओव्हरलुक, असे टप्प्याटप्प्याने थांबत जावे. हे थांबे फोटोंपेक्षा श्वासासाठी आहेत. १९३२ साली खुल्या झालेल्या या रस्त्याचा चढ कोठेही सात टक्क्यांहून जास्त ठेवलेला नाही, त्यामुळे आंबेनळीच्या घाटासारखे पोटात ढवळत नाही; मात्र काही ठिकाणी कडेला कठडा नाही आणि दरी थेट खिडकीखाली दिसते. आपल्याला दरीची भीती वाटत असेल, तर तसे गाइडला आधीच सांगावे. वृक्षरेषा ओलांडली की झाडे वाऱ्याने वाकलेली, गुडघ्याएवढी होतात आणि मग नाहीशीच होतात. पुढे दिसणारा गवताचा आणि खुरट्या वनस्पतींचा प्रदेश म्हणजे टुंड्रा. उत्तर ध्रुवाजवळ जायचे तर हजारो मैल जावे लागेल, तसा प्रदेश इथे मोटारीतून पाहता येतो. या वनस्पती वर्षाला नखभर वाढतात आणि एकदा तुडवलेली जागा सावरायला कित्येक दशके लागतात, म्हणून पायवाट सोडून पाऊल टाकू नये. आल्पाइन व्हिजिटर सेंटरशेजारी टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्या आहेत. आपल्याहून वयस्क अमेरिकन माणसे त्या चढताना दिसतील आणि यजमानांना राहवणार नाही. त्या पायऱ्या चढायच्या नाहीत, हे घरूनच ठरवून निघावे.

तिथपर्यंत प्रकृती ठणठणीत असेल, तर आणखी चार मैल पुढे मिल्नर पासपर्यंत जाण्याची मुभा स्वतःला द्यावी. ही खिंड व्हिजिटर सेंटरपेक्षा हजारभर फूट खालीच आहे. परतताना पुन्हा माथा ओलांडावा लागतो, एवढेच ध्यानात ठेवावे. सातारकरांना ही जागा वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखी आहे. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावरून कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते आणि सावित्री अरबी समुद्राला, हे आपण शाळेत किती वर्षे शिकवले असेल. मिल्नर पासवर तोच प्रकार खंडाच्या मापाने घडतो. खिंडीच्या पूर्वेला पडलेला पाऊस पूद्र नदीतून साउथ प्लॅट, प्लॅट, मिसुरी आणि मिसिसिपी असा प्रवास करत मेक्सिकोच्या आखाताकडे जातो. पश्चिमेला पडलेला पाऊस कोलोरॅडो नदीला मिळतो आणि पॅसिफिकच्या दिशेने निघतो. ती कोलोरॅडो नदी, जिने पुढे ग्रँड कॅन्यन कोरला, ती याच उद्यानाच्या पश्चिम भागात उगम पावते. गाइड चांगला असेल तर त्याला हे सारे हातवारे करून सांगायला आवडेल. आपणही त्याला कृष्णा-सावित्रीची गोष्ट सांगावी.

खिंडीच्या पलीकडे ग्रँड लेकला उतरून बर्थूड पासमार्गे डेन्व्हरला परतायची पूर्ण फेरी काही सहलवाले मोठ्या उत्साहाने सुचवतात. ती नाकारावी. त्या फेरीत अकरा हजार फुटांवरची आणखी एक खिंड लागते, दिवस लांबतो आणि शेवटचे तीन तास आपण नुसते गाडीत पेंगत असता. त्यापेक्षा आल्या वाटेने खाली यावे आणि दुपारचे जेवण स्प्रेग लेकच्या काठी करावे. सुमारे ८,७०० फुटांवरचे हे तळे लहान आहे, त्याभोवतीची अर्ध्या मैलाची वाट सपाट आणि चाकाच्या खुर्चीलाही चालेल अशी आहे, आणि बसायला बाके आहेत. डॉक्टरांनी माथ्यावर जायला मनाई केली, तर हेच तळे आणि मोरेन पार्कचे विस्तीर्ण कुरण एवढ्यावरच दिवस घालवावा. खरे सांगायचे तर या उद्यानाचे मोठेपण उंचीच्या आकड्यात नाही, आणि खालून १४,२५९ फुटांचे लाँग्ज पीकही निवांतपणे पाहता येते.

सहल ठरवण्यापूर्वी मुलीने काही गोष्टी ईमेलवर लेखी विचारून घ्याव्यात. उद्यानात पैसे घेऊन माणसे फिरवायला उद्यान प्रशासनाचा व्यावसायिक परवाना लागतो. तो आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा, वेळेच्या आरक्षणाचा. गेली काही वर्षे मेअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठरावीक तासांत आत येण्यासाठी आधी आरक्षण करावे लागते आणि त्याचे दोन प्रकार असतात. बेअर लेक रस्त्यासाठी वेगळे आरक्षण लागते आणि स्प्रेग लेक त्याच रस्त्यावर आहे. आपल्या सहलीत हा रस्ता येतो का आणि त्याची व्यवस्था कोण करणार, हे स्पष्ट करून घ्यावे. तिसरा प्रश्न पैशांचा. जानेवारी २०२६ पासून रॉकी माउंटनसह अकरा गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या, सोळा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक व्यक्तीला, वार्षिक पास नसल्यास, नेहमीच्या शुल्काखेरीज शंभर डॉलर जास्तीचे शुल्क आहे. आपण दोघे पाहुणे म्हणून आलेले आहात, तेव्हा सांगितलेल्या दरात हे दोनशे डॉलर धरले आहेत की दारात भरायचे आहेत, हे आधी कळायला हवे. नाहीतर यजमान प्रवेशद्वारावरच परत फिरा म्हणतील.

याखेरीज गाइडला प्रथमोपचाराचे कोणते प्रशिक्षण आहे, हे विचारावे. रानात काम करणाऱ्यांसाठी वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर नावाचा अभ्यासक्रम असतो. तो केलेला गाइड मिळाला तर उत्तम. उद्यानाच्या मोठ्या भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून गाडीत उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आहे का, हेही विचारायचे. वर बर्फ पडल्याने रस्ता बंद झाला, किंवा त्या सकाळी यजमानांना बरे वाटले नाही, तर पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, याचे उत्तर लेखी असावे. सप्टेंबरातही माथ्यावर बर्फ पडून रस्ता काही तास किंवा एखादा दिवस बंद राहू शकतो. आणि गाडी कोणती, तिची पायरी किती उंच, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी दिवसातून पंधरा वेळा चढ-उतार करणाऱ्या गुडघ्यांना विचारून पाहावा.

भाषेची चिंता आपण म्हणता तेवढी मोठी नाही. खासगी सहलीत गाइड आपल्या दोघांशीच बोलत असतो, त्यामुळे हळू बोला, पुन्हा सांगा, असे म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही. अमेरिकन माणसाला ते मुळीच वावगे वाटत नाही. मुलीने त्याला आधी एक छोटे पत्र लिहावे: आई शिक्षिका होत्या, त्यांना वनस्पती आणि भूगोल यांत रस आहे, बाबांना स्टेंट आहे, दोघेही शाकाहारी आहेत, थकवा आला तरी स्वतः सांगणार नाहीत म्हणून आपणच विचारत जावे. शेवटचे वाक्य अवश्य लिहावे. आपल्याला त्याला विचारायचे असेल, तर उद्यान होण्यापूर्वी तिथे कोण राहत होते, हे विचारावे. उद्यान २६ जानेवारी १९१५ रोजी स्थापन झाले. त्याआधी या डोंगरांत यूट आणि अरापाहो लोकांच्या वाटा होत्या, आणि १९१४ साली दोन वृद्ध अरापाहोंना मुद्दाम इथे आणून त्यांच्याकडून डोंगर-दऱ्यांची जुनी नावे नोंदवून घेतली गेली. आजच्या नकाशावरची काही नावे त्या फेरीतून आली आहेत. या विषयावर गाइड दोन वाक्यांच्या पुढे बोलू शकला, तर माणूस जाणता आहे असे समजावे.

जेवण सहलीत धरलेले असले, तरी ते बहुधा थंड सँडविच असते. आपण दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा गूळ बरोबर घ्यावा. तळ्याकाठच्या टेबलावर बसून हा डबा खाताना खारीसारखे चिपमंक पायाशी येतील. त्यांना तुकडा टाकणे नियमाने मना आहे आणि त्यांच्या आरोग्यालाही ते अपायकारक असते. पाण्याविषयी मात्र आग्रहाने सांगते. प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या शंकेने आपल्या पिढीतल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कोलोरॅडोच्या कोरड्या, विरळ हवेत ही सवय डोकेदुखीला आमंत्रण देते. रेनबो कर्व्ह, रॉक कट आणि आल्पाइन व्हिजिटर सेंटर या ठिकाणी, शिवाय स्प्रेग लेकलाही, स्वच्छतागृहे आहेत. तेव्हा थोडे थोडे पाणी दिवसभर प्यावे. वर एस्टेस पार्कपेक्षाही दहा-पंधरा अंशांनी गारठा असतो आणि वारा बोचरा असतो. डेन्व्हरच्या उन्हात हास्यास्पद वाटले तरी स्वेटर, वाऱ्याचे जाकीट आणि कानटोपी घेऊनच निघावे. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस किंवा पँट आणि पायात बूट बरे. ऊन थंडीतही भाजते, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीनही हवे.

प्राणी दिसतील, पण त्यासाठी मुद्दाम धावपळ नको. सप्टेंबरच्या मध्यापासून एल्क या सांबरासारख्या, पण बऱ्याच मोठ्या हरणांचा माजाचा काळ असतो. नर शीळ घातल्यासारखे ओरडतात आणि अंगावरही येतात. एल्कपासून निदान ७५ फूट आणि मूस (एल्कहूनही मोठे हरीण) किंवा अस्वलापासून १२० फूट अंतर ठेवण्याचा नियम आहे. मोबाइल पुढे धरून यजमान एकेक पाऊल पुढे सरकू लागले, तर त्यांना शर्टाला धरून मागे ओढण्याचा अधिकार आपला.

तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातली, मंगळवार ते गुरुवारमधली धरावी. शनिवार-रविवारी गर्दीमुळे थांबायला जागा मिळत नाही, आणि तोवर दुपारच्या विजांचे प्रमाण ओसरू लागलेले असते. महिन्याच्या उत्तरार्धात अ‍ॅस्पेनच्या झाडांची पाने पिवळीधमक होतात. एखादा दिवस पुढे ढकलून तो योग साधला तर छानच, मात्र परतीच्या विमानाच्या अगदी तोंडावर जाऊ नये. तारीख बदलण्याची वेळ आली तर हाताशी एक आठवडा मोकळा असावा.

एक गोष्ट राहिली. अमेरिकेत गाइडला बक्षिसी देण्याची रीत आहे आणि सहलीच्या दरात ती सहसा धरलेली नसते. दराच्या पंधरा ते वीस टक्के ही प्रचलित रक्कम आहे. सहलीचा खर्च मुलगी करते आहे तर तिला करू द्यावा, आणि ही बक्षिसी यजमानांनी स्वतःच्या डॉलरमधून पाकिटात घालून सकाळीच खिशात ठेवावी. खर्चाच्या आकड्यावरून आलेले त्यांचे मौन सुटायला त्याचा थोडा उपयोग होईल, असे वाटते.